चित्रीकरण पाहून नाटकाला गुण द्यावेत का?

वाचकाचे पत्र

स. न. वि. वि.

आमची संस्था तालुक्याच्या गावी दरवर्षी खुली एकांकिका स्पर्धा भरवते आणि मी तिचा कार्यवाह आहे. यंदाच्या अंतिम फेरीत नऊ एकांकिका आणि तीन परीक्षक होते. दुसऱ्या दिवशी एका ज्येष्ठ परीक्षकांना ताप भरला, त्यामुळे शेवटच्या दोन एकांकिका त्यांना सभागृहात पाहता आल्या नाहीत. त्या संघांच्या मित्रांनी मोबाइलवर घेतलेली चित्रीकरणे आम्ही त्यांना रात्री पाठवली, त्यांनी ती खोलीवर पाहून गुण दिले आणि दुसऱ्या दिवशी पारितोषिके वाटली गेली. त्या दोनपैकी एक एकांकिका तीन गुणांनी दुसऱ्या क्रमांकावर राहिली. नंतर गुणपत्रिकेत दिसले, की तिच्यातील आईच्या भूमिकेला इतर दोघांनी स्पर्धेतले सर्वाधिक गुण दिले आहेत, तिसऱ्यांनी मात्र बेताचेच. 'काळोख पूर्ण होत नाही, प्रकाशयोजना कच्ची' असा त्यांचा शेराही आहे. संघाने लेखी हरकत घेतली आहे. 'परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील' असे आमच्या नियमपत्रिकेत कलम आहे.

त्यातच पुढच्या वर्षासाठी गोंदियाच्या, गोव्याच्या आणि परदेशातल्या एका महाराष्ट्र मंडळाच्या संघाने विचारले आहे, की येण्याचा खर्च झेपत नाही, चित्रीकरण पाठवले तर चालेल का? कार्यकारिणीत दोन तट पडले आहेत. आम्ही काय करावे?

— एक कार्यवाह

उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण विचारलेले दोन्ही प्रश्न एकाच ठिकाणी येऊन मिळतात, म्हणून माझे मत आधीच सांगतो. अंतिम फेरीला कोणाला बोलवायचे हे ठरवताना चित्रीकरणाचा उपयोग जरूर करावा. पारितोषिक कोणाला द्यायचे हे ठरवताना करू नये. आणि एकाच फेरीत काही प्रयोग प्रत्यक्ष व काही चित्रीकरणावरून पाहिले गेले, असे तर कोणत्याही परिस्थितीत होऊ देऊ नये. यंदा आपल्याकडे नेमके हेच शेवटचे घडले आहे आणि हरकत घेणाऱ्या संघाची बाजू मला न्याय्य वाटते.

आपण पत्रासोबत पाठवलेले चित्रीकरण मी लक्षपूर्वक पाहिले. दोन भाऊ रंगमंचाच्या मध्यभागी, प्रेक्षकांच्या जवळ येऊन वाटणीवरून भांडत आहेत आणि आई मागे, डाव्या कोपऱ्यातल्या लेव्हलवर, म्हणजे उंच चौथऱ्यावर, चुलीपाशी बसलेली आहे. भांडण चढत जाते तसा मोबाइल धरणारा मित्र झूम करून भावांवर जातो, कारण संवाद त्यांचे आहेत. तेथून शेवटपर्यंत आई चौकटीच्या बाहेर राहते. डाव्या कडेला तिच्या पदराचा काठ तेवढा मधूनमधून दिसतो. एका क्षणी थोरला भाऊ बोलता बोलता थांबतो, सभागृह चिडीचूप होते आणि भांडे जमिनीवर ठेवल्याचा आवाज येतो. ते आईनेच ठेवले असणार. ते तिने कसे ठेवले, ठेवताना कोणाकडे पाहिले, थोरला कशामुळे थांबला, यातले काहीही त्या चित्रीकरणात नाही. त्या मुलीचा अभिनय उत्तम होता की साधारण, हे मी सांगू शकत नाही, आणि अंगात ताप असताना खोलीवर बसून मोबाइल पाहणाऱ्या आपल्या परीक्षकांनाही ते कळणे शक्य नव्हते. त्यांनी बेताचे गुण दिले यात त्यांचा दोष काढता येणार नाही, कारण त्यांच्यापुढे जेवढे आले तेवढ्यालाच त्यांनी गुण दिले. पण ज्या भूमिकेला दोघांनी स्पर्धेतले सर्वाधिक गुण दिले, ती भूमिका तिसऱ्यांच्या वाट्याला पदराच्या काठाएवढीच आली, ही वस्तुस्थिती उरतेच.

कार्यकारिणीतले काही सभासद म्हणतील, की हा दोष त्या मित्राच्या हाताचा आहे, चित्रीकरणाचा नाही. मला ते पूर्णपणे मान्य नाही. नाटक पाहताना कुठे पाहायचे हे प्रेक्षक ठरवतो. बोलणाऱ्याकडे पाहावे, ऐकणाऱ्याकडे पाहावे, की दोघांमधल्या रिकाम्या जागेकडे पाहावे, हे स्वातंत्र्य त्याला असते आणि ते गृहीत धरूनच दिग्दर्शक सबंध रंगमंचाची मांडणी करतो. १९७२ साली पुण्यात रंगमंचावर आलेल्या 'घाशीराम कोतवाल'मध्ये ओळीने उभ्या राहिलेल्या नटांचा जो मानवी पडदा होता, तो याचे ठळक उदाहरण आहे. ती रांग डुलते, पाठ फिरवते, झाकते, उघडे पाडते, आणि तिचा अर्थ ती सबंध दिसत असतानाच कळतो. कॅमेरा एका चेहऱ्यावर गेला की रांग तुटते आणि सबंध रांग घेतली की चेहरे हरवतात. सभागृहातला प्रेक्षक या दोन्ही गोष्टी एकाच वेळी पाहत असतो.

प्रकाशाच्या शेऱ्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण त्यावर एका मुलाचे प्रकाशयोजनेचे पारितोषिक गेले असण्याची शक्यता आहे. मोबाइलचा कॅमेरा उजेड कमी झाला की चित्र आपणहून उजळवतो आणि उजेड वाढला की ते मंद करतो. रंगमंचावर दिवे हळूहळू विझत असताना प्रेक्षकाला दाट होत जाणारा अंधार दिसतो. मोबाइलला मात्र त्याच वेळी खरखरीत, करड्या रंगाचे, बरेचसे स्पष्ट चित्र दिसू लागते. आपल्या चित्रीकरणात तिसऱ्या प्रवेशाच्या शेवटी नट विंगेत जाताना दिसतात ते यामुळेच. उलट पुढच्या प्रवेशात धाकट्या भावावर स्पॉट येतो तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडतो आणि डोळे दिसेनासे होतात. 'काळोख पूर्ण होत नाही' हा शेरा त्या रात्रीच्या रंगमंचाला लागू पडतो की मोबाइलला, हे इतर दोघांच्या गुणपत्रिकांवरून लगेच कळेल. त्यांनी प्रकाशयोजनेला चांगले गुण दिले असतील, तर शंकेला जागा राहत नाही. आवाजाचेही तसेच आहे. मोबाइल आवाजाची पातळी सतत सारखी करत असतो, कुजबुज वर उचलतो आणि आरोळी खाली दाबतो. त्यामुळे ज्या नटाने अर्धा तास आवाज राखून ठेवून शेवटच्या वाक्याला तो मोकळा सोडला, त्याची सगळी मेहनत सपाट होऊन जाते, आणि पहिल्यापासून ओरडणारा नट त्याच्या बरोबरीला येऊन बसतो. शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचतो की नाही, ही आपल्याकडची जुनी आणि रास्त कसोटी तर चित्रीकरणावरून लावताच येत नाही.

आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे फारसे लक्ष जात नाही. विनोदी प्रवेशात हशा आला की जाणता नट थांबतो. हशा ओसरू लागतो पण संपलेला नसतो, त्या नेमक्या जागी तो पुढचे वाक्य टाकतो. ही वेळ तालमीत ठरवता येत नाही, ती त्या रात्रीच्या त्या प्रेक्षकांबरोबरच जुळवावी लागते, आणि परीक्षकाने पाहायचे ते हेच कसब. तोच प्रवेश परीक्षक एकटे बसून मोबाइलवर पाहतात तेव्हा हशा दुसऱ्या कोणाचा तरी, दुरून आलेला असतो, आणि नटाचा थांबा रेंगाळल्यासारखा वाटतो. मग 'गती मंद' असा शेरा पडतो. जी गोष्ट सभागृहात गुण म्हणून मोजली गेली असती, तीच पडद्यावर दोष म्हणून नोंदली जाते.

भरताच्या नाट्यशास्त्रात सत्ताविसावा अध्याय प्रयोगाच्या सिद्धीवर, म्हणजे यशावर, आहे. तेथे प्रेक्षकांचे स्मित, हास्य, 'साधु' म्हणून निघालेला उद्गार, अंगावर आलेला रोमांच या सगळ्यांची गणना सिद्धीच्या खुणांमध्ये केली आहे, प्रयोगाची पारख करणाऱ्या प्राश्निकांची लक्षणे दिली आहेत आणि विजेत्याला पताका देण्याचीही चर्चा आहे. इतक्या जुन्या काळीही परीक्षणाचा विचार प्रेक्षकांना वगळून झालेला नाही, हे आपल्या कार्यकारिणीतल्या दोन्ही तटांनी ध्यानात घ्यावे असे मला वाटते.

मग चांगले चित्रीकरण केले तर? चार कॅमेरे लावले, ध्वनिमुद्रण वेगळे केले, संकलन केले, तर? तर अडचण उलट दिशेने येते. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरील 'हॅमिल्टन' या संगीतिकेचे उदाहरण घ्या. २०१६ साली तिला टोनी हा तेथील रंगभूमीचा सर्वोच्च मानला जाणारा सन्मान अकरा विभागांत मिळाला. त्याच वर्षी जूनमध्ये मूळ नटसंचासह तिचे चित्रीकरण झाले. ते प्रेक्षकांसमोरच्या प्रयोगांत तर झालेच, शिवाय काही भाग प्रेक्षक नसताना, कॅमेरे रंगमंचावर नेऊन टिपले गेले, आणि या सगळ्यांतून निवडून एक सलग कृती तयार झाली. ती २०२० च्या जुलैमध्ये घरोघरी पाहिली गेली आणि २०२१ साली तिला एमी हा दूरचित्रवाणीचा पुरस्कार मिळाला. ते सर्वथा योग्य झाले, कारण एमीच्या परीक्षकांपुढे दूरचित्रवाणीसाठी घडवलेली कृतीच होती. पण ते चित्रीकरण म्हणजे कोणत्याही एका रात्रीचा प्रयोग नव्हे. कोणता चेहरा कधी जवळून दाखवायचा, कोणत्या रात्रीचा तुकडा घ्यायचा, हे संकलकाने ठरवलेले असते आणि अडखळलेले वाक्य त्यातून सहज गळते. म्हणजे चित्रीकरण साधे असेल तर त्यात प्रयोग पुरता दिसत नाही, आणि चांगले असेल तर जे दिसते तो प्रयोग राहत नाही. शिवाय चार कॅमेरे लावण्याची ऐपत कोणत्या संघाची असते, हे आपण जाणताच.

सभागृहातले परीक्षण निर्दोष असते असे माझे म्हणणे नाही. परीक्षकही दिवसाच्या सहाव्या एकांकिकेला थकलेले असतात, पुढच्या रांगेतला माणूस उंच असतो, पंखे घरघरतात, एखाद्या संघाच्या वाट्याला जेवणानंतरची वेळ येते. परंतु हे धोके एका छपराखाली सगळ्यांच्या वाट्याला येऊ शकतात आणि त्यांतून वाट काढणे हा प्रयोगाचाच भाग आहे. याच कारणाने, परीक्षकांनी प्रयोग पाहिल्यानंतर शंका आली म्हणून चित्रीकरण पुन्हा लावून पाहावे, ही सूचना कोणी केली तर तीही नाकारावी. ज्याचे चित्रीकरण उपलब्ध आहे त्याचीच फेरतपासणी होईल आणि ज्याचे नाही त्याची होणार नाही. वेळेची मर्यादा ओलांडली की नाही यासारख्या घड्याळाच्या वादापुरते ते पाहावे, गुणांसाठी पाहू नये.

आता यंदाच्या निकालाचे काय करायचे ते सांगतो. 'परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील' या कलमाचा आधार घेऊ नये. ते कलम परीक्षकांच्या मताला संरक्षण देण्यासाठी आहे. त्यांनी जे पाहिले त्याविषयी त्यांचे मत संघाला पटले नाही तरी ते मानावे, एवढाच त्याचा आशय. प्रयोग पाहिलाच गेला नाही, ही मतभिन्नतेची बाब नव्हे, ती आयोजनातली त्रुटी आहे आणि तिची जबाबदारी संस्थेची आहे.

गुणांची फेरमोजणी करताना एक चूक सहज होते, ती टाळावी. त्या दोन एकांकिकांपुरते तिसऱ्या परीक्षकांचे गुण वगळून उरलेल्या दोघांची सरासरी काढावी, असे कोणीतरी नक्की सुचवेल. तसे करू नये. समजा तिसरे परीक्षक मुळात हात आखडून गुण देणारे असतील, तर उरलेल्या सात संघांना त्यांच्या काटेकोरपणाचा फटका बसेल आणि हे दोन संघ त्यातून सुटतील. ते सढळ हाताचे असतील, तर नेमके उलट होईल. म्हणून नऊच्या नऊ एकांकिकांसाठी, सर्व प्रयोग पाहिलेल्या दोनच परीक्षकांचे गुण धरावेत आणि सर्व क्रमांक, वैयक्तिक पारितोषिकांसह, नव्याने लावावेत. सर्वांना एकच मापपट्टी लागली पाहिजे, ती थोडी आखूड झाली तरी चालेल.

फेरमोजणीत क्रम बदलला, तर ज्यांना करंडक दिला आहे त्यांच्याकडून तो परत मागू नये. त्या मुलांनी कोणतीही लबाडी केलेली नाही. पहिला क्रमांक दोन्ही संघांना विभागून जाहीर करावा, दोघांनाही पहिल्या क्रमांकाची पूर्ण रक्कम द्यावी आणि जादा खर्च संस्थेने सोसावा. अभिनयाच्या व प्रकाशयोजनेच्या पारितोषिकांबाबतही हाच मार्ग ठेवावा. हे सगळे नऊही संघांना एकाच दिवशी, कारणासह, लेखी कळवावे. आणि पत्र जाण्यापूर्वी आपण व अध्यक्षांनी त्या ज्येष्ठ परीक्षकांना घरी जाऊन भेटावे. आजारी असूनही त्यांनी आपला शब्द मोडला नाही, आणि चित्रीकरण पाहण्याची विनंती आपण केली होती. त्यांचे गुण वगळले गेल्याचे त्यांना दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळू नये.

आपल्याला हा निर्णय कठोर वाटत असेल, तर टोनीच्याच परीक्षणातली एक घटना सांगतो. २०२० च्या मार्चमध्ये महासाथीमुळे ब्रॉडवेवरची नाट्यगृहे बंद झाली. तेथील मतदारांनी एखाद्या विभागात मत द्यायचे, तर त्या विभागातले सर्व प्रयोग पाहिलेले असले पाहिजेत, असा दंडक आहे. २० फेब्रुवारीला सुरू झालेले 'वेस्ट साइड स्टोरी'चे नवे रूप आणि ५ मार्चला सुरू झालेले 'गर्ल फ्रॉम द नॉर्थ कंट्री' हे दोन प्रयोग पुरेशा मतदारांनी पाहिलेले नव्हते. म्हणून १९ फेब्रुवारी ही शेवटची तारीख ठरवून ते दोन्ही त्या वर्षीच्या विचारातून बाजूला ठेवण्यात आले. नाट्यगृहे पुन्हा उघडल्यावर त्यांतल्या दुसऱ्याला पुढच्या हंगामात संधी मिळाली आणि एक टोनीही मिळाला. पहिले मात्र पुन्हा उघडलेच नाही, आणि त्याचा टोनीसाठी विचार कधीच झाला नाही. त्या नटांच्या दृष्टीने हा मोठा अन्याय होता, हे मी नाकारत नाही. तरीही सभागृहात न बसता दिलेल्या मतावर पुरस्कार देण्यापेक्षा न देणे बरे, ही भूमिका तेथे घेतली गेली, आणि मला ती योग्य वाटते. त्याच वर्षी संगीतिकेतील प्रमुख अभिनेत्याच्या विभागात एकच नामांकन राहिले, तेही चालवून घेतले गेले.

मात्र दूरच्या संघांचा प्रश्न एवढ्याने सुटत नाही, आणि माझ्या मते तो आपल्या पत्रातला सर्वांत गंभीर भाग आहे. गोंदियाहून आपल्या गावी यायचे म्हणजे मुलांना कॉलेजच्या तीनचार दिवसांवर पाणी सोडावे लागते, नेपथ्याचा टेम्पो वेगळा करावा लागतो, आणि एवढे करून चाळीस मिनिटांचा प्रयोग होतो. असा संघ चित्रीकरण पाठवू का म्हणून विचारतो, त्यामागे आळस नसतो. 'रंगभूमी म्हणजे जिवंत अनुभव' असे सुनावून त्याला परत पाठवणे, हे जवळ राहणाऱ्यांना सोपे जाते. म्हणून जो प्रत्यक्ष प्रयोगाचा आग्रह धरतो, त्याने तो प्रत्यक्ष प्रयोग शक्य करून देण्याची तजवीजही केली पाहिजे.

महाराष्ट्रात यावर एक उत्तर फार पूर्वी शोधले गेले आहे. १९५४ पासून चालत आलेल्या राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी ठिकठिकाणच्या केंद्रांवर होते. तेथे परीक्षक जातात, मुक्काम करतात आणि स्थानिक संघांचे प्रयोग त्यांच्या गावच्या प्रेक्षकांत बसून पाहतात. नाटक परीक्षकांकडे नेण्यापेक्षा परीक्षकांना नाटकाकडे नेणे स्वस्त पडते, हा साधा हिशेब त्यात आहे. विदर्भातल्या एखाद्या संस्थेशी बोलून आपण तेथे एक दिवसाची प्राथमिक फेरी घेऊ शकाल का, हे पाहावे. दोन परीक्षकांचा रेल्वेचा खर्च हा चार संघांच्या प्रवासखर्चापुढे किरकोळ ठरतो. अंतिम फेरीसाठी लेव्हल्स, पलंग, दाराखिडक्यांच्या चौकटी, टेबलखुर्च्या एवढे सामान संस्थेने पुरवावे आणि त्याची मापांसह यादी दोन महिने आधी सर्व संघांना द्यावी. टेम्पोचा निम्मा प्रश्न तेथेच सुटतो. ठरावीक अंतरापलीकडच्या संघांना प्रवासभत्ता द्यावा, आणि त्यासाठी पहिल्या पारितोषिकाची रक्कम थोडी कमी करावी लागली तरी करावी.

हे करूनही ज्यांच्यापर्यंत परीक्षक पोचू शकत नाहीत, त्यांच्यासाठी चित्रीकरण उपयोगी पडते, पण ते निवडीपुरते. 'मेटा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, २००६ पासून दिल्लीत होणाऱ्या महिंद्रा एक्सलन्स इन थिएटर अवॉर्ड्समध्ये हीच पद्धत आहे. देशभरातून आलेल्या चित्रीकरणांतून निवड समिती साधारण दहा नाटके निवडते, मग ती सर्व नाटके दिल्लीत प्रत्यक्ष सादर होतात आणि परीक्षक पुरस्कार ठरवतात ते या प्रयोगांवरून. चित्रीकरणामुळे दूरच्या छोट्या गावातल्या संघाला दार उघडते, आणि पुरस्कार मात्र रंगमंचावरच ठरतो. आपणही असे करू शकता.

त्यासाठी चित्रीकरणाचे नियम सर्वांना सारखे हवेत. एकच कॅमेरा, तिवईवर स्थिर, सबंध रंगमंच चौकटीत येईल अशा जागी. झूम नाही, काटछाट नाही, मागाहून जोडलेले संगीत नाही. तिसऱ्या घंटेपासून पडदा पडेपर्यंत सलग चित्रीकरण असावे आणि थोडे का होईना, प्रेक्षक असावेत. उजेड आपोआप कमीजास्त करण्याची कॅमेऱ्यातली सोय बंद करावी. हे बहुतेक मोबाइलवर करता येते, ते कसे करायचे याची दोन ओळींची सूचना आपणच द्यावी. असे चित्रीकरण देखणे नसते, पण कोणी पैशाच्या बळावर दुसऱ्यापेक्षा पुढे जाऊ शकत नाही. सोबत संहिताही मागवावी. निवड समितीने सगळी चित्रीकरणे एकत्र बसून, मोठ्या पडद्यावर, न थांबवता पाहावीत, आणि स्थानिक संघ प्रत्यक्ष पाहून व दूरचे संघ चित्रीकरणावरून अशी एकाच यादीत सरमिसळ करू नये. दूरच्यांसाठी अंतिम फेरीतल्या काही जागा वेगळ्या ठेवाव्यात. संहितेची ताकद, रचना, दिग्दर्शकाचा विचार, हालचालींची आखणी एवढे त्यावरून बऱ्यापैकी कळते. प्रकाश, ध्वनी आणि वैयक्तिक अभिनय यांना या फेरीत गुणच ठेवू नयेत. आणि जेथे समितीचे मत दोलायमान असेल, तेथे संशयाचा फायदा संघाला देऊन त्याला बोलवावे.

चित्रीकरण मागवताना परवानग्यांचे भान ठेवावे लागेल. लेखकाने प्रयोगाला दिलेली परवानगी चित्रीकरणालाही लागू आहे असे धरून चालू नये, ती वेगळी घ्यावी. कलाकारांनाही आपल्या सादरीकरणावर कॉपीराइट कायद्याने हक्क दिलेला आहे, त्यामुळे प्रत्येक नटाची लेखी संमती अर्जाला जोडावी. निवड झाल्यावर चित्रीकरणे पुसून टाकू, समाजमाध्यमांवर टाकणार नाही, अशी हमी संस्थेनेही लेखी द्यावी. यंदाची मोबाइलवरची चित्रीकरणे ज्यांच्या ज्यांच्याकडे गेली आहेत, त्यांनाही ती पुसायला सांगावे.

परदेशातल्या महाराष्ट्र मंडळाच्या संघाला अंतिम फेरीसाठी येणे शक्य होणार नाही, हे उघड आहे. त्यांना निराश करू नये, पण करंडकाच्या स्पर्धेतही घेऊ नये. चित्रित एकांकिकांचा एक स्वतंत्र विभाग ठेवावा, त्यात कॅमेरा आणि संकलन यांनाही गुण असावेत, एक परीक्षक चित्रपटाच्या क्षेत्रातला असावा आणि निवडलेल्या कृती स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी गावातल्या प्रेक्षकांना पडद्यावर दाखवाव्यात. त्या विभागात झूम करणे हा दोष राहणार नाही, ते कौशल्य ठरेल. गोव्याच्या संघाचे मात्र मन वळवून पाहावे. त्यांना येणे अवघड असले तरी अशक्य नाही, आणि आपल्या प्रेक्षकांना त्यांचा प्रयोग प्रत्यक्ष पाहायला मिळावा असे मला मनापासून वाटते.

शेवटची तजवीज परीक्षकांची. पुढच्या वर्षीपासून एक राखीव परीक्षक पहिल्या घंटेपासून सभागृहात बसवावा, त्याने सर्व प्रयोगांना गुण द्यावेत आणि गरज पडली नाही तर त्याचा लखोटा न उघडता ठेवावा. नियमपत्रिकेत जुन्या कलमाच्या जागी पुढील मजकूर घालावा, असे सुचवतो: 'अंतिम फेरीतील सर्व प्रयोग सभागृहात उपस्थित राहून पूर्ण पाहिलेल्या परीक्षकांचेच गुण ग्राह्य धरले जातील. एखाद्या परीक्षकास कोणताही प्रयोग पाहता न आल्यास त्यांचे सर्व एकांकिकांचे गुण वगळून राखीव परीक्षकांचे गुण धरले जातील. अंतिम फेरीतील कोणत्याही पारितोषिकासाठी चित्रीकरणाचा आधार घेतला जाणार नाही. याप्रमाणे दिलेला परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील.'